हे ‘बरां’ म्हणाले तो सोमवार

तेव्हा मी नवी आजी होते आणि डोक्यावर नातीची गुलाबी टोपी मिरवत होते. सर्वणहून निघालेली आमची गाडी वॉटर पार्कच्या फाटकाशी थांबली. मुलगा म्हणाला, आत गेल्या गेल्या आधी जेवूया. त्या भरवशावर आमच्या ह्यांनी गाडीतच सदरा वर करून इन्सुलिन टोचून घेतलं. फाटकावर माझी पिशवी काढून ठेवली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणे. चपात्या गेल्या, ह्यांची साखर उतरली तर म्हणून बांधलेला गुळाचा खडाही गेला. मी मात्र खूश. आयतं टेबलावर जेवायचं होतं ना.

वार सोमवार, म्हणजे शिवराक, मासळी वर्ज्य. फाटकाजवळच्या हॉटेलात सावली होती, पंखे होते, पण भज्यांशेजारी बांगडे तळत होते. सून म्हणाली, आई, इथंच पनीर घेऊया. मी नाक मुरडलं. पुढच्या दुकानात पावात कोंबलेला पाला. तेही नको. नुसतं शिवराक मिळणारं एकच ठिकाण होतं, पार वर, घसरगुंड्यांच्या पलीकडे. मला तिथंच जायचं होतं.

ह्यांनी भांडावं म्हणून मी थांबले. आमटीत मी सोलं म्हटलं की चिंच म्हणणारा हा माणूस.

“बरां,” हे म्हणाले. “तू म्हणशीत तसां.”

सबंध संसारात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. शहाण्या बाईनं तिथंच घाबरायचं. मी फुगले. पंचायतीची निवडणूक जिंकल्यासारखी सुनेकडे बघून पुढे चालू लागले.

पायऱ्या चढताना ह्यांचा सदरा पाठीला चिकटला. म्हटलं, ऊन आहे. नातीला त्यांनी आपल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. म्हटलं, गंमत करतात. खाली पाण्यात पोरं किंचाळत होती, आणि हे कठडा धरून त्या पाण्याकडे बघत राहिले होते. मला आणखी चेव आला. वर गेल्यावर कारल्याची भाजी मागवू का, म्हणून विचारलं.

“बरां.”

कारलं! कारलं बघितलं की ताट सरकवून उठणारा माणूस. मी हात धरला. तो गार आणि ओला होता.

मुलानं त्यांना पायरीवर बसवलं. मी खाली धावले, टोपी कुठं पडली कळलं नाही. बांगडेवाल्याच्या स्वयंपाकघरात थेट घुसले, साखर ओढली, पेल्यातल्या पाण्यात ओतली, हाताला लागला त्या चमच्यानं ढवळत वर आले. सुनेनं पेला तोंडाला लावला. हे पीत होते, माझ्याकडे बघत होते, आणि मी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. नातीनं माझा पदर घट्ट धरला होता. किती वेळ गेला कोण जाणे.

मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आज सोमार मगो? ह्या पाण्याक बांगड्याचो वास येता.”

जेवलो शेवटी त्याच हॉटेलात. पनीर चिवट, पाव शिळा, पंखा आवाज करतो, सगळ्याला नावं ठेवत हे जेवले. मी एकदाही उलट बोलले नाही.

परवा संध्याकाळी मी म्हटलं, उद्या इब्रामपूरला वन्संकडे जाऊया. “बरां,” हे म्हणाले. वादाची वाट बघत मी उभी राहिले. झाला नाही. साखरेचा डबा काढला, ह्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ कोरडं होतं. तरी डबा मी झाकला नाही.