चवळीच्या गाठी

वारज्याला आमच्या सोसायटीच्या मागे मोकळी जागा आहे. तिथे निवृत्त लोकांनी वाफे वाटून घेतलेत. गेल्या हंगामात सगळ्यांनी मका लावला. बाबांनी मात्र चवळी लावली होती. शेंगा संपल्यावर त्यांनी वेल जमिनीलगत कापले आणि मुळं आतच ठेवली. लगेचच, या हंगामात, सगळ्यांबरोबर त्यांनीही मका पेरला.

"चवळीनंतरच्या मक्याला युरिया अगदी थोडा पुरतो," बाबा म्हणाले. लहानपणी गावाकडे त्यांनी हे पाहिलं होतं. "मक्यावर मका घेतला की जास्त द्यावा लागतो."

तेवढ्यात सोसायटीचे अध्यक्ष आले. त्यांनी चवळीचं एक मूळ उपटून काढलं. त्याला बारीक गाठी होत्या. त्यांनी एक गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी निघाली.

"अहो, रोग आहे हा! सगळ्यांच्या मक्यात पसरवणार का?"

मी सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "काका, त्या गाठींमधले जिवाणू हवेतला नायट्रोजन मुळांना देतात. शाळेत शिकलोय."

"असं? तुमच्या इंग्रजी शाळेत गाठी आल्या की पेढे वाटतात वाटतं?"

आजूबाजूच्या वाफ्यांवरचे सगळे हसले. बाबाही हसले, हे मला दिसलं.

मका गुडघ्याएवढा झाल्यावर अध्यक्षांनी पिशवीतून मुठीमुठीने युरिया टाकला. सगळ्या वाफ्यांना सारखा, आमच्याही. कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मग तोच ओला, चिकट हात पँटला पुसून त्यांनी नातवाच्या निकालाचे पेढे वाटले. माझा पेढा मी रुमालात गुंडाळला. बाबांनी त्यांचा खाल्ला आणि वर "छान आहे" म्हणाले.

आमचा मका काळपट हिरवा, नुसता माजल्यासारखा वाढला. पानांवर माव्याची कीड पडली. हात लावला की बोटं चिकटायची. मग एका संध्याकाळच्या वाऱ्यात आमची मक्याची सगळी ताटं आडवी झाली. कणसांत दाणेही भरले नव्हते. बाकीच्यांचा मका उभा होता.

"बघा, रोग निघालाच," अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले. "वाफा रिकामा करा. आणि पुन्हा चवळी नको."

"तुमचं बरोबर आहे," बाबा म्हणाले.

घरी मी विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना, युरिया जास्त झाला म्हणून?"

"माहीत आहे गं. पण राहायचंय आपल्याला इथेच."

मला त्या पेढ्यापेक्षा या वाक्याची जास्त किळस आली.

रविवारी बाबा खाली वाकून ताटं उपटत होते. अध्यक्ष कठड्यावर बसून चहा पीत सांगत होते, "मुळंसुद्धा, साहेब. एकही ठेवू नका."

"हो, हो. काढतोय."

मी खिडकी लावून घेतली. थोड्या वेळाने बेल वाजली, पुन्हा वाजली. मी जागची उठले नाही. बाबांना दार आईने उघडलं.