तक्रार उघडी ठेव

कुणाचाही फोन हातात घेण्याआधी ती उजव्या पायातली चप्पल काढायची आणि टेबलावर ठेवायची. जाड तळाची, काळी, रबरी चप्पल. मग समोरच्याकडे रोखून बघत विचारायची, "खरा सांग. बारा शब्द कुणाला दिलेस?"

बारा शब्द म्हणजे फोनमधल्या पाकिटाची किल्ली. समोरचा म्हणायचा, "कुणालाच नाय, ताई." तो खोटं बोलतोय असं तिला वाटलं की चप्पल उचलली जायची आणि ती नुसती दाखवायला उचललेली नसायची. माझ्या दुकानात कितीतरी बाप्यांनी तिच्या हातचा मार खाल्ला. त्यातले बहुतेक पुन्हा तिच्याकडेच आले.

माझं दुकान शहापूरला, एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत. मोबाइल दुरुस्ती, रिचार्ज, झेरॉक्स. अशी दुकानं तुम्ही पाहिलेली आहेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. कोपऱ्यातलं टेबल मी तिला वापरायला दिलं होतं आणि भाडं मागायची माझी छाती झाली नाही. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, तरी मीही तिला ताईच म्हणायचो. ती मला 'शेठ' म्हणायची. त्यात आदर किती आणि टिंगल किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

राहायला ती खर्डीला. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ती ठाण्याला एका एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. एक्स्चेंज म्हणजे फोनमधली न दिसणारी नाणी जिथे विकून रुपये करता येतात अशी कंपनी. तिथे ती लोकांच्या तक्रारी वाचायची. 'मी पाठवलेली नाणी जमा झाली नाहीत' हे एकच वाक्य ती दिवसभर वाचायची. पुढे कंपनीनं माणसं कमी केली, त्यात हिची नोकरी गेली. निघताना साहेबाच्या टेबलावर काय ठेवून आलीस, असं मी विचारलं की नुसती हसायची.

शहापूर-मुरबाडात असली नाणी कुणाकडे असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. पण भिवंडीच्या गोदामात जाणारी पोरं, आखातात भाऊ असलेले, रस्त्यात जमीन गेलेले, सगळ्यांच्याच हातात फोन आहे. नाणी पाठवायची, ती पोहोचायची नाहीत आणि मग घरात डोकी फुटायची. तिच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा आधीच कुणाचा तरी मार खाऊन आलेला असायचा. एकाच्या पाठीवर बापानं काठी मोडली होती. दुसऱ्याचा ओठ बायकोच्या भावांनी फाडला होता. ती समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ मागवायची, सुजेवर धरायला लावायची आणि त्यानंतर चप्पल काढायची.

"पैसा मेला नाय," ती म्हणायची. "वाट चुकलाय. कुठं चुकला ते बघू."

तिची पद्धत ठरलेली होती. असा प्रत्येक व्यवहार जगातल्या कुणालाही बघता येतो, हे मला तिच्याकडूनच कळलं. त्याचा लांबलचक नंबर टाकला की नाणी निघाली का, पोहोचली का, सगळं समोर येतं. वाटेत असली तर ती फोन परत द्यायची. "भात शिजतोय. झाकण उघडू नको." पोहोचूनही खात्यात दिसत नसली तर मात्र तिचे डोळे चमकायचे. मग ती कंपनीकडे तक्रार लिहायची आणि लिहून झाली की बजावायची, "तक्रार उघडी ठेव. गप बसलास तर ते बंद करतात. रोज काय तरी लिही, पण बंद करू देऊ नको."

शेणव्याच्या एका माणसाला अ‍ॅपनं 'नेटवर्क निवडा' असं सांगितलं. खरं तर नाणी कुठल्या मार्गानं पाठवायची ते विचारलेलं होतं. हा गडी फोन घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला, रेंजच्या सगळ्या दांड्या भरल्यावर खूश झाला आणि पहिलं नाव दिसलं त्यावर बोट ठेवलं. तिनं त्याला दोन चपला मारल्या. मग तोंड फिरवून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याची तक्रार तिनं कित्येक महिने उघडी ठेवली आणि नाणी परत आणली.

काळूराम आला तो एका बाजाराच्या दिवशी. मुरबाडात जिथे बैलांची जत्रा भरते त्या म्हसा गावाकडचा, बैलांचा व्यापारी. त्यानं आपल्या साडूला, भास्करला, कॉलर धरून जीपमधून खेचत आणलं होतं. भास्करच्या कानातून रक्त येत होतं. काळूरामच्या कमरेला आकडी आणि आकडीत कोयता.

प्रकरण असं होतं. काळूरामची जमीन रस्त्यात गेली, तिचा सगळा मोबदला त्यानं भास्करला दिला. भास्कर गोदामात हमाली करायचा, पण फोनमधलं त्याला कळतं असा घरात बोलबाला होता. त्यानं नाणी घेतली, ती वाढलीही. काळूराम म्हणाला, आता विकून पैसे दे. भास्करनं ती आपल्या पाकिटातून एक्स्चेंजवर पाठवली आणि तिथे काहीच दिसेना.

"यानं खाल्लाय," काळूराम म्हणाला. "बाई, तू मशिनीत बघून सांग. मग याचा हात तोडतो."

तिनं चप्पल काढून टेबलावर ठेवली. काळूरामनं आकडीतून कोयता काढला आणि चपलेशेजारी ठेवला. मी काउंटरमागे होतो आणि तिथेच राहिलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

"उचल तो," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर एकच हत्यार असतं."

तो बघतच राहिला. मग खरोखरच त्यानं कोयता उचलला.

तिनं नंबर टाकून बघितलं. नाणी निघाली होती, पोहोचली होती, कंपनीच्याच पत्त्यावर होती. "टॅग टाकलास का रे?" तिनं भास्करला विचारलं.

"नाय."

"का नाय?"

"ताई, टॅग टोलनाक्यावर लागतो ना? गोदामात सगळ्या ट्रकना असतो." भास्कर कान दाबून बोलत होता. "माझ्याकडं गाडीच नाय, म्हणून रिकामा सोडला."

मला हसू आलं नाही. तिलाही आलं नाही. तिनं चपलेवर हात ठेवला, त्याच्या कानाकडे बघितलं आणि हात परत घेतला. एवढा मूर्खपणा ऐकूनही तिचा हात थांबलेला मी तेवढाच पाहिला.

मग ती काळूरामकडे वळली. "तू म्हशाच्या जत्रेत बैल नेतोस ना? समज, दुसऱ्याच्या दावणीला तुझा बैल बांधला. तिथं शंभर लोकांचे बैल. तुझ्या बैलाच्या कानात बिल्ला नाय. बैल मेला का?"

"नाय."

"पळाला?"

"नाय. दावणीलाच हाय."

"मग? कुणाचा हाय ते फक्त दावणवाल्याला कळत नाय. टॅग म्हणजे तो बिल्ला. यानं खाल्ला नाय, बिल्ला लावायला विसरला."

काळूरामनं कोयता परत आकडीत अडकवला. त्याला पटलं, हे मला त्याच्या तोंडावर दिसलं. पण पटणं आणि राग उतरणं एक नव्हे. "यंदाची जत्रा उठेपर्यंत," तो म्हणाला. "तोवर बैल माझ्या दारात नाय आला तर याला जित्ता नाय ठेवत." जाताना त्यानं भास्करच्या पोटात लाथ घातली आणि तो जीपमध्ये जाऊन बसला.

तिनं आपला डबा उघडला, आमटीत भाकरी मऊ कुस्करली आणि भास्करपुढे सरकवली. सुजल्या जबड्यानं त्याला चावता येत नव्हतं. तो एकेक घास जिभेनं दाबत रडत होता आणि ती "जेव रे, रडून काय मीठ वाढतोस" म्हणून त्याच्यावर खेकसत होती. चहाचा ग्लास मात्र तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"भ्यायलीस?" मी विचारलं.

"नाय. भूक लागली, शेठ. डबा त्याला दिला ना."

तक्रार गेली. रोज सकाळी आली की ती आधी तीच उघडायची आणि उत्तर नसलं तरी काहीतरी लिहायची. भास्कर गोदाम सोडून दुकानाच्या आसपासच घुटमळायचा. घरी जायची त्याला भीती वाटत होती. जत्रा भरली. कंपनी गप्प. जत्रा उठायच्या बेताला आली तेव्हा कंपनीचं उत्तर आलं: ज्या पाकिटातून नाणी आली ते तुमचंच असेल, तर त्यातूनच आम्ही सांगतो तेवढी चिल्लर पुन्हा पाठवा.

ती टाळी वाजवून ओरडली. "हाक मारायला सांगतायत! मालकानं हाक मारली की बैल मान फिरवतो ना, तसा. पाठव रे!"

भास्करनं पाकिटात उरलेली चिल्लर पाठवली. या वेळी टॅग तिनं स्वतः टाकला, दोनदा तपासला. भास्कर इतका खूश झाला की त्यानं बायकोला फोन केला, "पाठवला, परत पाठवला!" बायकोनं तेच आपल्या बहिणीला, म्हणजे काळूरामच्या बायकोला कळवलं. काळूरामपर्यंत म्हशाला पोहोचलं ते एवढंच, की भास्करनं आणखी पैसे पाठवले आणि पाकीट रिकामं केलं. जत्रेत कुणीतरी भर घातली, की ती शहापूरची बाई त्यात वाटेकरी आहे.

ती दुकानात एका म्हातारीचा फोन बघत होती. चप्पल टेबलावर होती. भास्कर रस्त्यापलीकडे चहा पीत होता. जीप थांबली, काळूराम उतरला तो कोयता हातात घेऊनच. मी हाक मारेपर्यंत ती उठलेली होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तशी ती रस्त्यावर धावली. "थांब रे, मुडद्या! बैल सापडलाय!" असं ओरडत ती दोघांच्या मधे शिरली.

वार भास्करवर होता. तो तिच्या मानेत बसला.

काळूराम कोयत्याकडे बघत उभा राहिला. लोकांनी त्याला तिथेच तुडवला. मीही शटरचा गज घेऊन त्याच्या पाठीवर मारत सुटलो, गज लोकांनी काढून घेईपर्यंत. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. मग मी तिच्याजवळ बसलो आणि तिचीच ओढणी जखमेवर दाबून धरली. ती गरम आणि ओली होत गेली. तिचे ओठ हलत होते. मी कान नेला.

"शेठ... बंद करू देऊ नको."

कल्याणला नेताना ती गाडीतच गेली.

खर्डीला अंत्यविधीत त्रिसरण, पंचशील झालं तेव्हा लोक मावत नव्हते. तिच्या हातचा मार खाल्लेले सगळे आले होते. शेणव्याचा तो टाकीवर चढलेला माणूस भिंतीवर डोकं आपटून घेत होता, त्याला दोघांनी धरलं होतं. तिचे वडील मला म्हणाले, "पायात एकच चप्पल होती हो तिच्या."

त्यानंतर काही दिवसांनी भास्कर दुकानात आला. त्यानं फोन माझ्यापुढे धरला. नाणी जमा झाली होती. सगळी. काळूराम कोठडीत होता आणि त्याचा बैल दारात आला होता. खाली कंपनीनं अदबीनं विचारलं होतं: तुमची अडचण सुटली आहे. तक्रार बंद करायची का? खाली दोन चौकोन. होय. नाही.

"दादा," भास्कर म्हणाला, "बंद करू?"

टेबलावर तिची चप्पल होती तशीच आहे. पोलिसांनी पंचनाम्यात दुसरी नेली, ही नेली नाही. मी तिच्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून ताईच्याच भाषेत निघालं.

"हात लावू नको रे. उघडी ठेव."