झुंबरबाईंचा हलता दात

धावडा गावात झुंबरबाईंच्या शब्दाला वजन होतं. बांधावरून भांडण झालं की दोन्हीकडची माणसं त्यांच्याच ओट्यावर यायची. साठी उलटली तरी कोणाची भीड न ठेवता त्या खरं ते तोंडावर सांगत.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. पहिल्यांदा ऑपरेशनसाठी जालन्याला नेलं तेव्हा बीपी वाढलं म्हणून डॉक्टरांनी माघारी पाठवलं. मुलगा कल्याण कापसाची वेचणी टाकून आला होता. वाटभर धुसफुसत राहिला. दुसऱ्या खेपेला भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरबाईंनी विचारलं, "आजी, एखादा दात हलतो का?"

वरचा पुढचा दात चांगलाच हलत होता. पण पुन्हा परत धाडलं तर? झुंबरबाई म्हणाल्या, "न्हाई बाई. समदे बराबर हायेत."

शुद्धीवर आल्या तेव्हा घसा खरवडल्यासारखा झाला होता, ओठ फाटून सुजला होता आणि तो दात जागेवर नव्हता. श्वासाची नळी घालताना निसटला होता. डॉक्टरबाईंनी तो लगेच चिमट्यानं बाहेर काढला होता.

कल्याण भडकला. "आपरेशन पोटाचं, अन् दात कसा पाडला? काय करून राह्यले तुम्ही?" वॉर्डातली माणसं गोळा झाली. डॉक्टरबाई समजावत होत्या, तो ऐकेना. शेवटी त्या खाटेजवळ आल्या. "आजी, तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

झुंबरबाईंनी सुजल्या ओठावर बोट ठेवलं. बोलता येत नाही, असं दाखवलं. येत होतं.

ओठ आठवड्यात भरून आला. पण जीभ त्या मोकळ्या जागेवर गेली की त्यांना त्या पोरीचा उतरलेला चेहरा दिसे.

तोवर कल्याणनं गावभर केलं होतं. शेजारच्या दैवशालाचं गर्भाशयाचं ऑपरेशन त्याच दवाखान्यात ठरलं होतं. अंगावरून जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती, तरी नवऱ्याला म्हणाली, "मावशीचा दात पाडला त्यांनी. म्या बिलकुल जायची न्हाई."

हे कानावर आलं आणि झुंबरबाई जेवणावरून उठल्या. कल्याणला घेऊन त्या दैवशालाच्या दारात गेल्या.

"दैवशाले, दात आधीच हलत व्हता. बाईनं इचारलं व्हतं. मीच खोटं बोलले."

कल्याण बघतच राहिला. "माय, मंग मी तिला वाट्टेल ते बोलत व्हतो, तवा गप का बसलीस?"

"लाज वाटली, बाबा."

दैवशालाला जालन्याला नेलं तेव्हा दोघं सोबत गेले. झुंबरबाईंनी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, कल्याणनं हात जोडले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, दात फुप्फुसात गेला असता तर जिवावर बेतलं असतं. मला सांगायला हवं होतं हो."

दैवशालाचं ऑपरेशन नीट झालं. बाहेर येऊन डॉक्टरबाईंनी तसं सांगितलं आणि हसून विचारलं, "आजी, जेवलात का?"

झुंबरबाईंना मान वर करता आली नाही.