रक्तात चालतं, पोटात नाही

"गावात राहतेस की वाडीवर?"

फीडचा ग्लास माझ्या हातात होता. आयसीयूतल्या बेशुद्ध माणसाला तोंडाने खाता येत नाही. त्याच्या नाकातून पोटात नळी टाकलेली असते. पातळ केलेलं खाणं मोठ्या सिरिंजमध्ये ओतायचं आणि त्या नळीतून हळूहळू सोडायचं. त्याला आम्ही फीड म्हणतो. मी सिरिंज नळीला जोडत होते आणि पेशंटची लेक पायथ्याशी उभी राहून मला हे विचारत होती.

आधी तिने आडनाव विचारलं होतं. माझं आडनाव मराठ्यांत आहे, आणखी चार जातींत आहे. त्याने तिचं काम झालं नाही. मग गाव विचारलं. मी रोह्याच्या पुढचं एक गाव सांगितलं. तरी तिच्या डोळ्यांतली शंका जाईना. मग हा तिसरा प्रश्न. आमच्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्यालाही कळतो आणि ज्याला विचारला त्यालाही कळतो. गाव संपल्यावर, डोंगराच्या अंगाला जी वस्ती असते ती वाडी. तिथे आम्ही कातकरी आदिवासी राहतो.

"वाडीवर," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातून ग्लास काढून घेतला. हिसकावला नाही. लहान पोराच्या हातातून काचेचं भांडं घ्यावं तसा, हळूच. वर हसली.

"वाईट वाटून घेऊ नकोस हां. बाबांचं मूर्तीचं काम आहे. त्यांच्या पोटात असं कुणाच्याही हातचं जात नाही."

ग्लासात डब्यातली पावडर होती. कंपनीची. ती कुठे बनली, कुणी भरली, कुणी उचलून ट्रकात टाकली, हे तिने विचारलं नव्हतं. डब्याला वाडी नसते.

तिच्या बाबांचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. माणूस नावाजलेला. न्यूमोनिया झाला, अंगावर काढला, संसर्ग रक्तात गेला आणि पेणला आमच्याकडे आणला तेव्हा श्वासही स्वतःचा घेत नव्हता. व्हेंटिलेटरवर टाकला. तो बेड माझ्याकडे आला. आल्यापासून त्या माणसाचं सगळं मी करत होते. डायपर मी बदलत होते. पाठीला पडलेली जखम मी धूत होते. त्या जखमेतून पू यायचा आणि त्याचा वास मास्क ओलांडून नाकात बसायचा. त्याचं मला काही नाही. ते माझं काम आहे, मी ते शिकून आलेय. मी आश्रमशाळेत शिकले, मग नर्सिंग केलं, परीक्षा देऊन पास झाले. माझी नोंदणी आहे. हे सगळं मला लेकीला सांगता आलं असतं. तिने विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हॉस्पिटल त्यांचंच. माणूस गोड बोलतो.

"तुझ्या कामाबद्दल कुणाची तक्रार नाही. पण मोठे लोक आहेत, त्यांचे सेंटिमेंट असतात. असं करू. तू खालचं बघ, वरचं शिल्पा बघेल. जरा अ‍ॅडजस्ट कर."

खालचं आणि वरचं. म्हणजे माणूस कमरेत कापला आणि माझ्या वाट्याला मुताची पिशवी दिली. पण शरीर काही असं कापलं जात नाही. घशातला कफ मशीनने ओढून काढावा लागतो. ते काम वरचं की खालचं? जागेने वरचं. घाण म्हणून खालचं. ते माझ्याकडे आलं. इन्सुलिनची सुई माझ्याकडे. सलाईन माझ्याकडे. अँटिबायोटिक थेट शिरेत जातं, ते माझ्याकडे. फक्त फीड शिल्पाकडे, आमच्या दुसऱ्या नर्सकडे. म्हणजे रक्तात माझ्या हातचं चालत होतं आणि पोटात चालत नव्हतं. हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

मी हो म्हटलं. माझा पगार सुरू झाला तेव्हा आईबाबांनी वीटभट्टीवर जाणं थांबवलं. नोकरी गेली असती तर पावसाळा संपल्यावर मुकादमाची गाडी पुन्हा वाडीवर आली असती आणि ते दोघं पुन्हा त्यात चढले असते. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. म्हणून तर ते इतकं गोड बोलत होते.

संध्याकाळी पेणच्या रामवाडीतल्या भाड्याच्या खोलीवरून आईला फोन केला. सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "आपल्याला कामाशी मतलब गो. आमाला काय रंगवलेल्या मूर्तीला हात लावू देत व्हते?"

हात लावू देत नव्हते, हे मला माहीतच नव्हतं. काही वर्षं आई असल्याच एका कारखान्यात जायची. साच्यातून निघालेली मूर्ती खरखरीत असते, ती पॉलिशपेपरने घासून गुळगुळीत करायची. पांढरी धूळ. आई पांढरी होऊन यायची, आम्ही हसायचो. आता ती रात्रंदिवस खोकते. देवाचं पोट, देवाची सोंड, देवाचे पाय, सगळं कातकरणींनी घासायचं. तोवर तो देव नव्हता, माल होता. रंग चढला की तो देव झाला आणि मग आईने दहा हात लांब उभं राहायचं. चुकून पदर लागला तरी मालकीण ओरडायची.

"मग तुला काय वाटायचं?" मी विचारलं.

"काय वाटायचं? मूर्ती त्यांची व्हती."

मी फोन ठेवला. जेवण गेलं नाही. आईवर राग नव्हता. पण माझ्या आईच्या तोंडून त्यांचं बोलणं निघत होतं, इतकं सहज, की मला शिसारी आली. तिच्या फुप्फुसात धूळ गेलीच होती, ही त्यांची भाषाही गेली होती. आणि मी केबिनमध्ये हो म्हणून आले होते, म्हणजे माझ्याही आत ती उतरायला लागली होती.

पुढे एका दुपारी व्हायचं ते झालं.

साखरेच्या पेशंटला इन्सुलिन दिलं की मागोमाग फीड जावंच लागतं. नाहीतर साखर धाडकन खाली येते. एकच नर्स असेल तर ही दोन्ही कामं एका हाताची आहेत, त्यात काही अवघड नाही. मी सुई दिली. शिल्पा फीड घेऊन निघालीच होती, इतक्यात नागोठण्याकडचा सर्पदंशाचा पेशंट होता त्याचं हृदय थांबलं. ती ग्लास माझ्या टेबलावर ठेवून तिकडे धावली. डॉक्टर धावले, वॉर्डबॉय धावला. मी व्हेंटिलेटरचा बेड सोडून जाऊ शकत नव्हते. मी इथून ओरडले, "शिल्पा, फीड?"

ती त्या माणसाच्या छातीवर जोर देत होती. तिकडूनच म्हणाली, "थांब गो. माझे काय दोन तुकडे करू?"

मी थांबले. ग्लास हाताच्या अंतरावर. सिरिंज हाताच्या अंतरावर. पेशंट समोर. आणि मी थांबलेली. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला. मॉनिटरवर नाडी चढायला लागली. बोट टोचून साखर बघितली, खूप खाली गेली होती. शिरेतून ग्लुकोज दिलं. ते चालतं. ते रक्तात जातं. नाडी जरा खाली आली, घाम थांबला, आणि मी त्या ग्लासाकडे बघितलं.

एवढा मोठा कारखानदार. पोटात कातकरणीच्या हातचं जाऊ नये म्हणून उपाशी मरायला निघालेला. आणि मला सांगितलेलं, बघत उभी राहा.

मी ग्लास उचलला. सिरिंज नळीला लावली. फीड सोडायला लागले.

भेटायची वेळ झाली होती. लेक मास्क लावून आत आली आणि माझ्या हातात सिरिंज बघून तिथेच थबकली.

"तुला सांगितलं होतं ना?"

"तुमच्या बाबांची साखर खाली गेली होती. त्यांना खायला द्यायला हवं होतं."

"मग शिल्पा सिस्टरला बोलवायचं."

"ती तिकडे एका माणसाला वाचवतेय."

तिने त्या बेडकडे बघितलंसुद्धा नाही. पर्स उघडली. छोटी बाटली काढली. मला वाटलं, तीर्थ असेल, नातेवाईक आणतात, आम्ही नाही म्हणतो. तिने झाकण उघडलं आणि वासावरून कळलं. गोमूत्र. तिने ते चादरीवर शिंपडलं. नळीवर शिंपडलं. पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग कडेने दिसत होतं, त्यावर थेंब पडले. मग माझ्या हातांवर.

हे हात मी दिवसभर धूत असते. एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना धुते, हातमोजे घालायच्या आधी धुते, काढल्यावर धुते. कातडी सोलून निघते. त्या हातांवरून गाईचं मूत ओघळत होतं आणि शाळेत मुलांना विज्ञान शिकवणारी ती बाई तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. हो, ती शिक्षिका आहे.

मला ओकारी आली. या नोकरीत पहिल्यांदा. पू बघितलाय, सडलेलं बोट बघितलंय, रक्ताच्या उलट्या माझ्या अंगावर झाल्यात. तेव्हा कधी आली नव्हती.

मी तिच्या हातातून बाटली घेतली. पिवळ्या पिशवीत टाकली, आम्ही दवाखान्यातली घाण टाकतो त्यात. म्हटलं, "बाहेर जा." आवाज चढवला नाही. मग नळी पुसली, ड्रेसिंग काढून नवीन केलं, चादर बदलली, आणि राहिलेलं फीड दिलं. पूर्ण.

नागोठण्याचा माणूस वाचला. डॉक्टर घामेजलेले केबिनमध्ये बसले होते, लेक समोर रडत होती. मला म्हणाले, "सॉरी म्हण आणि विषय संपव."

मी म्हटलं, "कशाबद्दल सॉरी, तेवढं सांगा. नीट शब्दांत सांगा."

"अगं, त्यांच्या भावना…"

"भावना नको, सर. शब्द बोला. कातकरणीच्या हातचं चालत नाही. एवढंच बोलायचंय. तुम्ही बोला, मी सॉरी म्हणते."

डॉक्टरांनी एसीचा रिमोट उचलला, खाली ठेवला. लेक पदराने नाक पुसत होती. इतके दिवस दोघंही या एका वाक्यावर चालत होते आणि ते तोंडातून काढायची दोघांनाही लाज वाटत होती. करायला नाही, बोलायला. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले आणि मला जी किळस आली ती अजून गेलेली नाही.

"घरच्यांचा विचार कर," डॉक्टर शेवटी म्हणाले.

"केला. बेड पूर्ण माझा, नाहीतर मला काढून टाका. आणि काढाल तेव्हा कारण सगळ्या स्टाफसमोर सांगा."

काढलं नाही. व्हेंटिलेटर सांभाळणाऱ्या नर्सा पेणला वाटेवर पडलेल्या नाहीत. पेशंटला मुंबईला हलवायचं तर वाटेतच जायची भीती. मग माझे हात चालवून घेतले. डायपरपासून फीडपर्यंत सगळं मीच केलं. त्यात एक थेंबही कमी केला नाही. असं कुणी म्हणू नये की वाडीवरच्या पोरीने सूड घेतला.

म्हातारा बरा झाला. श्वासाची नळी निघाली. पहिल्यांदा चमच्याने पाणी द्यायचं होतं, गिळता येतंय का बघायला. मी चमचा ओठाला लावला. त्याने माझ्याकडे बघितलं. लेकीने सगळं सांगितलेलं दिसत होतं. तो पाणी प्याला. आणखी मागितलं, आणखी प्याला. घशात अडकलं नाही, खोकला आला नाही. मला खरंच बरं वाटलं. कुणाचंही झालं असतं तर वाटलं असतं.

मग तो फाटक्या आवाजात शेजारी उभ्या लेकीला म्हणाला, "चूळ भरायला पाणी दे."

माझ्या हातचं पिऊन तोंड विटाळलं होतं. लेकीने तिच्या घरच्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं. त्याने चूळ घोळवली आणि थुंकायला मान माझ्याकडे केली. सवयीने. ट्रे धरायला मी होतेच ना. थुंकी खालच्यात मोडते.

मी ट्रे लेकीच्या हातात दिला. म्हटलं, "ही चूळ तुमची आहे. तुम्ही धरा."

शिफ्ट संपल्यावर खोलीवर गेले नाही. पोलीस स्टेशनला गेले. अ‍ॅट्रॉसिटीची तक्रार द्यायची आहे म्हणून सांगितलं. गोमूत्राचं सांगितलं, चुळीचं सांगितलं, खालच्या-वरच्याचं सांगितलं. डॉक्टरांचं नाव गाळलं नाही. शिल्पाने साक्ष द्यायचं कबूल केलंय. देईल की नाही, माहीत नाही. तिलाही घर आहे.

बाहेर आले तर डॉक्टरांचा फोन. कुणीतरी त्यांना कळवलं होतं.

"पेशंट बरा झाला ना? मग आता कशाला?"

"बरा झाला, सर. म्हणूनच आता."

ते पुन्हा अ‍ॅडजस्ट कर म्हणाले. मी फोन बंद केला.

उद्या सकाळी ड्युटी आहे आणि मी जाणार आहे. दारात अडवलं तर दारात उभी राहीन. त्या बेडवर जो येईल त्याचा कफ मी काढीन, त्याची जखम धुईन, त्याच्या पोटात अन्न घालीन. तो मेला तर त्याचे डोळे मिटीन. त्यात कसूर होणार नाही. आणि तक्रार मागे घेणार नाही. कारखानदार घरी येऊन पाया पडला तरी नाही, माझी आई हात जोडून म्हणाली तरी नाही.