बरणीतला जीव

गल्लीत त्यांना सगळे पाववाले काका म्हणत. काकू जाऊन वर्ष उलटलं होतं, पण भट्टीशेजारच्या फळीवर त्यांची चिनी मातीची बरणी तशीच होती आणि बरणीत त्यांनी लग्नानंतर लावलेलं खमीर, पाव फुगवायचं आंबवण. काका रोज त्याला मूठभर पीठ आणि कोमट पाणी घालत.

"अहो, जीव आहे तो," काकू म्हणायच्या. "खातो, श्वास घेतो, वाढतो. गारठ्यात रुसतो."

"माझे इतके लाड कधी केलेस का?" काका विचारायचे.

काकू मागेल त्याला वाटीभर खमीर देत; लोक ते त्याच दिवशी वापरून संपवत. काकांनी ते बंद केलं. शेजारच्या शिंपीणबाईंना चक्क नाही म्हटलं. दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवणाऱ्या लेकीलाही म्हणाले, "तुझ्याच्यानं निभायचं नाही." खरं कारण वेगळंच होतं. काकूंच्या हातचं जिवंत असं एवढंच उरलं होतं, आणि त्यातलं चमचाभरही त्यांना कुणाला द्यायचं नव्हतं.

एका गारठलेल्या पहाटे खमीर फुगेना. ऊब मिळावी म्हणून काकांनी बरणी थेट भट्टीच्या तोंडाशी ठेवली आणि पावांच्या गडबडीत विसरले. आठवण झाली तेव्हा आतलं सगळं शिजून घट्ट झालं होतं. तरी त्यांनी वेड्यासारखं पीठ घातलं, पाणी घातलं, दिवसभर वाट पाहिली. एक बुडबुडा येईल तर शपथ! पिठाच्या पोत्यावर बसून ते ढसाढसा रडले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला फोन केला. "आईचं खमीर मी मारलं गं."

लेक म्हणाली, "बाबा, रागावू नका हं. निघताना मी चमचाभर चोरलं होतं. आता माझ्या शेजारणीकडेही आहे, तिच्या बहिणीकडेही."

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली. काकांनी झाकण काढलं. काकूंच्या हातांना यायचा तोच आंबूस वास. बुडबुडे फुटत होते. काका कितीतरी वेळ डब्याला नाक लावून उभे राहिले. खाणं, वाढणं, श्वास घेणं, सगळं त्याला येत होतं. 'अहो' म्हणून हाक मारणं तेवढं येत नव्हतं.

"चोरटी कुठली," डोळे पुसत ते लेकीला म्हणाले.

मग त्यांनी अर्धं खमीर घासलेल्या बरणीत ओतलं, उरलेलं वाटीत घेतलं आणि शिंपीणबाईंचं दार वाजवलं.

"हिनं पाठवलंय," काका म्हणाले.