तेलाच्या बाटलीवरचा माणूस

आमचे हे कबड्डी खेळायचे. खेळामुळेच त्यांना रसायनीच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पण संघातला सगळ्यांत चांगला खेळाडू म्हणजे हे नव्हेत. तो डाव्या कोपऱ्यावरचा, तोंडभर देवीचे वण असलेला गडी. त्याने घोटा धरला की सुटका नसे. हे स्वतःच मला तसं सांगायचे.

तरी लोक नाव घ्यायचे ते यांचंच. चढाईला निघताना हे रेघेवरची माती कपाळाला लावत, बाद झालेल्या गड्याला हात देऊन उठवत आणि हसत. कर्जतचा एक शेठ सांधेदुखीचं तेल विकायचा. त्याने ते बरोबर हेरलं. आमच्या पडवीत बसून सासूबाईंना म्हणाला, "मावशी, पकड करणारा सामना जिंकून देतो, पण घरी जाताना लोक चढाईवाल्याचंच बोलतात. त्यात ह्याला देवानं तोंड दिलंय."

"तोंड बापाचं हाय," सासूबाई म्हणाल्या. "देवाला कशाला मधी आणता, शेठ?"

यांचा फोटो निघाला. गळ्यात हार, मांडीवर थाप. तो बाटलीवर आला, कॅलेंडरवर आला, नेरळपासून खोपोलीपर्यंत दुकानांत लागला.

एकदा बाजारात गेले, तर एका दुकानदाराने तोच फोटो काचेत बसवलेला. त्याला झेंडूचा खरा हार, पुढे उदबत्ती. त्याने कौतुकानेच केलं होतं. पण जित्या माणसाच्या फोटोला कुणी हार घालतं का? 'काढा' म्हणायला माझी जीभ उचलली नाही. सामान न घेताच मी परत आले.

त्याच आठवड्यात सराव करताना यांचा उजवा गुडघा मुरगळला. दोन दिवस तेच तेल चोळलं. सूज वाढतच गेली. मग मी आंबेहळद उगाळून लेप लावू लागले.

"कुनाला सांगू नको गं," हे म्हणाले. "तेलवालाच लंगडला तर तेल कोन घेईल?" आणि हसले. फोटोतल्यासारखेच.

रविवारी खालापूरला सामना होता. शनिवारी सकाळी शेठ आला. हे विहिरीवर होते, सासूबाई रानात. तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"वहिनी, गुडघ्याचं कायतरी कानावर आलंय. खरं सांगा. दुखत असंल तर मी कारखान्यात सांगतो, उद्या त्याला बसवतो. तेलाच्या जाहिरातीचा फोटो काय, पुढल्या सामन्यालाबी मैदानात लागंल."

परक्या पुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते. पदर ओढून दाराआड उभी राहिले. माझ्या पायाशी सहाण होती, तिच्यावरची आंबेहळद अजून ओली होती. त्याने एक पाऊल आत टाकलं असतं तर त्याला दिसली असती.

"गुडघा बरा हाय," मी म्हणाले.

"काय म्हणालात?"

"बरा हाय."

तो गेला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच चढाईला यांचा पाय जागच्या जागी फिरला. टेंपोतून आणलं. उचलून आत घेणाऱ्यांत तो वणांचा गडी पुढे होता. यांना खाटेवर ठेवून तो माझ्याकडे वळला. सहाण तिथेच होती. तिच्याकडे बघत त्याने विचारलं, "वहिनी, तुमाला ठावं होतं?"

मी सहाण उचलून आत नेली. हे परत कधी मैदानात उतरले नाहीत.

त्या गड्याला उत्तर द्यायचं राहून गेलं, ते इथे लिहिते. होतं.