माथ्यावरची आरोळी

धरमशाला गावातल्या तिबेटी पोरांच्या वसतिगृहात युद्रोन-अमाच्या हाताखाली बत्तीस पोरं. कुणाची नखं, कुणाच्या उवा, कुणाचं शेंबडं नाक, सगळं तिच्याच गळ्यात. आवाज तर असा, की खाली ओढ्यावर धुणं धुणाऱ्या बाया दचकाव्यात. पण लोसारला, नव्या वर्षाच्या सकाळी, सगळे मुठीनं सातूचं पीठ आभाळात उडवत “ल्हा ग्यालो! देव जिंकले!” असं ओरडायचे, तेव्हा ही बाई पीठ उडवायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची.

“अमा, तोंडात लोसारचे तळलेले खापसे कोंबलेत का?” पोरं चिडवायची.

“हो, आणि तुम्हाला एकही मिळणार नाही. चला, पळा!”

तिकडं तिबेटात, दलाई लामांची तसबीर घरात सापडली म्हणून चिनी शिपायांनी तिच्या बापाला नेलं, ते नेलंच. तेव्हा युद्रोन आठ वर्षांची. आईनं तिला थार्ग्येच्या हवाली केलं. हा मिठाचे याक हाकणारा गडी चोरवाटेनं माणसं नेपाळात पोचवायचा. सगळे त्याला आकू म्हणायचे, म्हणजे काका. निघताना आईनं पोरीची कंबर कसून बांधली. “माथ्यावर पोचलीस की दगड ठेव, आरोळी दे. माझ्या वाटणीचीही दे.” खिंड चढलेला तिबेटी माणूस ओरडल्याशिवाय उतरतो होय!

पण शेवटच्या चढणीखाली आकूनं सातही जणांना दम भरला. “वर कुणी ब्र काढायचा नाही. चौकी जवळच आहे. देवांना मनातलं ऐकू येतं.”

उजाडता उजाडता युद्रोन माथ्यावर आली. वारा असा, की उभं राहवेना. पताका लावलेल्या दगडांच्या ढिगावर तिनं आपला दगड ठेवला, आई आठवली आणि तोंडातून गेलंच: “ल्हा ग्यालो!”

झालं! मागं वळून बघते तर दूर उतारावर शिपाई, आणि सगळ्यांत मागं असलेला आकू माथ्याकडं यायचं सोडून आडवा, भलतीकडंच पळतोय. शिपाई त्याच्यामागं. गोळीचा आवाज आला. कुणीतरी युद्रोनला ओढून पलीकडं नेलं.

पुढचे तीन दिवस त्या पोरीनं काय केलं, ते ऐकून आजही ऊर भरून येतो. सोबतच्या एका म्हाताऱ्या भिक्षुणीचे डोळे बर्फाच्या उजेडानं गेले होते. युद्रोननं तिच्या चीवराचं टोक आपल्या मनगटाला बांधलं आणि प्रत्येक भेग, प्रत्येक दगड सांगत तिला खाली उतरवलं. स्वतःच्या पायाची दोन बोटं थंडीनं गेली. रडली म्हणाल तर एकदाही नाही. पण तेव्हापासून ती आरोळी तिच्या घशात अडकली ती अडकलीच.

बावीस वर्षांनी, लोसारच्या आदल्या दिवशी, काठी टेकत एक वाकलेला माणूस वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. सात वर्षं तुरुंग, मग पाळत, मग कसाबसा इकडं. तिनं ओळखलं आणि त्याच्या पायाशीच बसली.

“आकू, मी ओरडले होते. माझ्यामुळं तुम्ही सापडलात.”

थार्ग्येनं डोळे बारीक केले. “कधी?”

“माथ्यावर. आईसाठी.”

तो असा हसला, की खोकलाच लागला. “अगं वेडे, मी दोनशे पावलं मागं. मला ऐकू आलं नाही, तर त्यांना कुठून येणार? ते पावलांचे ठसे धरून कधीचे माझ्या मागावर होते. त्यांनी तुमच्याकडं बघू नये म्हणून मीच ओरडलो. बोंबलत पळालो म्हण ना!”

“काय ओरडलात?”

“दुसरं काय ओरडणार? तेच.”

बावीस वर्षं नाहक वाहिलेलं ओझं असं चटकन खाली ठेवताही येत नाही. मग युद्रोन उठली आणि तिनं लोणी घातलेला खारा चहा करून त्याच्यासमोर ठेवला.

सकाळी अंगणात पीठ उडालं. युद्रोननं मूठ वर केली आणि तोंड उघडलं. घोगरं, फाटकं, पण “ल्हा ग्यालो!” बाहेर पडलं. पोरांच्या मुठी हवेतच थांबल्या.

बाकावर बसलेल्या थार्ग्येनं कानामागं हात धरला.

“ऐकू नाही आलं, पोरी. आईच्या वाटणीचीही राहिलीय. जोरात!”